रिकामा गाभारा, पाच शाखांचं दार

ठाण्यात टेंभीनाक्याजवळ १८७९ साली बांधलेलं सिनेगॉग आहे. त्याचं नाव शार हशामाईम, म्हणजे स्वर्गाचं दार. नाव बायबलमधल्या याकोबाच्या गोष्टीतलं. याकोब उघड्यावर, दगड उशाशी घेऊन झोपतो, जमिनीपासून आभाळापर्यंत लागलेली शिडी स्वप्नात पाहतो आणि जागा झाल्यावर त्या जागेलाच स्वर्गाचं दार म्हणतो. तिथं ना भिंत होती ना चौकट. तरी ज्यूंनी हे नाव विटा-दगडांच्या इमारतींना मोठ्या प्रेमानं दिलं. इमारतीतल्या एखाद्या तपशिलाला अर्थ येतो कुठून, हा प्रश्न मला या नावापासूनच पडायला लागतो.

या प्रश्नावर दोन माणसांचा वाद मी ऐकत आलो आहे. एक आमच्या बाई. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या, घराणं मूळचं अलिबागकडचं, ठाण्याच्या मराठी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. दुसरा माझा वर्गमित्र, त्यांचाच विद्यार्थी. राहतो डोंबिवलीत, कल्याण-डोंबिवलीतल्या जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करतो. प्राचीन इस्राएली देवळांच्या बांधणीतला बारीकसारीक तपशीलही काही सांगत असतो, असं बाईंचं मत. इंजिनिअरचं म्हणणं असं की बांधकाम आधी गरजेनं होतं, अर्थ लोक मागाहून चिकटवतात. मी दोघांच्या मध्ये बसतो, पण मला मत नाही असं नाही.

बोलणं सुरू झालं बाईंच्या दाराच्या चौकटीपासून. आत शिरताना उजव्या हाताला खांद्याच्या उंचीवर बोटाएवढी धातूची डबी उभी ठोकलेली आहे. मेझुझा. युरोपातल्या बहुतेक ज्यूंकडे ती तिरकी लावतात. फ्रान्समध्ये अकराव्या-बाराव्या शतकात राशी या मोठ्या भाष्यकारानं ती उभी लावायला सांगितली, त्याच्या नातवानं, रब्बेनू ताम यानं, आडवी. पुढच्यांनी दोघांचा मान राखून ती तिरकी केली. बाईंकडे सेफार्दी रीतीनं उभीच आहे.

इंजिनिअर : बाई, या मेझुझाबद्दल माझं भांडण नाही. आत चर्मपत्र, त्यावर शेमाची प्रार्थना हातानं लिहिलेली, आणि दारांच्या चौकटींवर हे लिहा असं तोरात, मोशेच्या पाच पुस्तकांत, सांगितलेलं. वस्तू, जागा, कारण, तिन्ही कागदोपत्री. जेरुसलेममधल्या शलमोन राजाच्या मंदिराचं तसं नाही. त्याचा एक दगडही आज आपल्या हातात नाही, आहे तो फक्त मजकूर. 'राजे'च्या पहिल्या पुस्तकातले सहावा आणि सातवा अध्याय मी नीट वाचले. लांबी साठ हात, रुंदी वीस, उंची तीस. पुढं दहा हातांची ओसरी. गाभारा वीस बाय वीस बाय वीस. गंधसरूच्या फळ्या, वर सोन्याचा पत्रा. अर्थाची एक ओळ नाही. हे सरळसरळ बिल ऑफ क्वांटिटीज आहे.

बाई : मग त्या बिलावरून तुला काहीच कळत नाही? खर्च कुठं केलाय यावरून मालकाचं मन कळतं, हे तूच सांगतोस ना? अंगणात पितळ, आत सोनं. ओसरीसमोरचे दोन मोठे खांब पितळी, हातपाय धुण्याचा हौद पितळी. दार ओलांडलं की सोनं सुरू. माणसांचंही तसंच. अंगणात लोक, दालनात याजक, गाभाऱ्यात वर्षातून एकदा फक्त मुख्य याजक. हे काय उगाच जमून आलं?

इंजिनिअर : उगाच नाही, रीत म्हणून. ओसरी, दालन, गाभारा हा नकाशा इस्राएलचा स्वतःचा नाहीच. उत्तर सीरियातलं ऐन दारा बघा, तिथून पलीकडं आजच्या तुर्कस्तानातलं तेल तायिनात बघा. साचा तोच. लाकूड फिनिशियातल्या सोरच्या हीराम राजानं पाठवलं, पितळेचं काम करणारा कारागीर सोरचाच. आई इस्राएली, बाप सोरचा. मिस्त्री बाहेरून आला की नकाशाही त्याच्याबरोबर येतो.

बाई : नकाशा उसना, मान्य. ऐन दाराच्या उंबऱ्यावर काय कोरलंय, ते सांग.

इंजिनिअर : पावलं. मीटरभर लांबीची. पहिल्या दगडावर दोन्ही, पुढं एकटं डावं, त्याच्या पुढं उजवं. देव आत चालत गेला, असं दाखवायचंय.

बाई : जेरुसलेमच्या वर्णनात ती पावलं कुठं आहेत?

इंजिनिअर : पावलं नसतील, पंख तर आहेत ना! गाभाऱ्यात जैतुनाच्या लाकडाचे दोन करूब, दहा-दहा हात उंच. प्रत्येक पंख पाच हात, चार पंख मिळून वीस, म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बाहेरचा पितळी हौद बारा बैलांच्या पाठीवर. खांबांच्या माथ्यावर डाळिंबांच्या माळा. शिवाय मोशेच्या नावानं सांगितला जाणारा पितळेचा साप. लोक त्याला धूप जाळत, हिज्कीया राजानं तो फोडला तेव्हा ते थांबलं. म्हणजे शिल्प नको, आकार नको, असं सोवळं चित्र काही नव्हतं. आणि बाई, पावलांचंच म्हणाल, तर अलिबागजवळचा टापा विसरलात?

हा घाव बाईंना लागला. खंडाळा गावाजवळच्या खडकावर एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, रथाच्या आणि घोड्यांच्या खुणा आहेत, अशी बेने इस्राएलींची श्रद्धा. त्या जागेला 'एलियाहू हनाबीचा टापा' म्हणतात. नवस फेडायला लोक तिथं जातात, मलिदा करतात.

बाई : विसरेन कशी? पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची घालून माझी आई मलिदा करायची, बरोबर पाच फळं. पण तिथं खडकाला कोणी नमस्कार करत नाही. खडकाच्या शेजारी उभं राहून हिब्रूत प्रार्थना म्हणतात. आणि एक लक्षात घे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात जोडपी वाचली, तेव्हापासून आमची माणसं कोकणात. इमारत पहिल्यांदा बांधली ती १७९६ साली, मुंबईत. सॅम्युएल इझिकेल दिवेकर कंपनीच्या पलटणीत होते, टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी ती बांधली. त्याआधीची कितीतरी शतकं आमच्याकडे ना खांब होता ना गाभारा. होता तो शनिवार. घाणा बंद ठेवायचा म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. इमारत नसलेल्या माणसांना एखादा खडक लागतो रे.

इंजिनिअर : म्हणजे तुमच्याच इतिहासानं माझी बाजू घेतली. धर्म इमारतीशिवाय टिकला. मग खांबांत आणि खिडक्यांत अर्थ शोधायचा कशाला?

मला इथं इंजिनिअरचं बरोबर वाटतं. निदान खांबांपुरतं. ओसरीसमोरचे ते दोन खांब अठरा हात उंच, बारा हात घेराचे, आतून पोकळ. एकाचं नाव याखीन, दुसऱ्याचं बवाज. नावांचा खुलासा मजकुरात नाही, आणि त्यांच्यावर छपराचा भार होता की ते नुसते उभे होते हेही स्पष्ट नाही. त्यांच्यावर लोकांनी सूर्य-चंद्रापासून राजघराण्यापर्यंत काय काय लादलं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला इतिहासकार जोसीफस तर दीपवृक्षाच्या सात दिव्यांत सात ग्रह आणि बारा भाकरींत वर्षाचे बारा महिने पाहतो, पडद्याच्या चार रंगांत चार महाभूतं पाहतो. वाचायला छान आहे. पण जोसीफस शलमोनानंतर हजारएक वर्षांनी लिहितो आहे, रोमन वाचकांसाठी लिहितो आहे, आणि आपला धर्म सगळ्या विश्वाला कवेत घेणारा आहे हे त्याला पटवून द्यायचं आहे. त्याच्या अर्थावरून त्याचा काळ कळतो, मूळ बांधणाऱ्याचं मन नाही.

बाईंनी मात्र खांब सोडून दिले आणि भिंत धरली. त्या दिवशीचा माझ्या मते सगळ्यांत मोलाचा भाग हाच.

बाई : खांब जाऊ दे. सहाव्या अध्यायातल्या बाजूच्या खोल्या वाचल्यास का? मंदिराच्या तिन्ही बाजूंनी भिंतीला लागून तीन मजली कोठारं. खालची खोली पाच हात रुंद, मधली सहा, वरची सात.

इंजिनिअर : वाचल्या. खूष झालो वाचून. वर जाताना खोली रुंद होते, याचा अर्थ भिंत दर मजल्याला आत सरकते. जाडी कमी होते आणि बाहेरच्या अंगाला हातभर रुंद पायरी सुटते. त्या पायरीवर तुळयांची टोकं टेकवलेली. भिंतीला भोक पाडायचं कामच नाही. कल्याणच्या जुन्या लोड बेअरिंग इमारतींत मी हे नेहमी बघतो. जिथं तुळई भिंतीत खोचलेली असते, तिथं तिचं टोक कुजतं. वरून लाकूड ठणठणीत दिसतं, आत हात घातला तर भुसा. पावसाचं पाणी भिंतीत मुरतं, तिथंच राहतं, टोकाला हवा लागत नाही. जिथं तुळई पायरीवर टेकवलेली असते तिथं ती कितीतरी जास्त टिकते. शलमोनाच्या मिस्त्रीला हे ठाऊक होतं.

बाई : असेल ठाऊक. पण मजकूर पुन्हा बघ. या एवढ्या लांबलचक बिलात हेतू म्हणून काही सांगितलंय ते इथं. तुळया मंदिराच्या भिंतीत शिरू नयेत म्हणून पायऱ्या सोडल्या. आणि लगेच पुढचं वाक्य काय? दगड खाणीतच घडवून आणले, मंदिर उभं राहत असताना तिथं हातोडा, कुऱ्हाड, कुठल्याही लोखंडी हत्याराचा आवाज झाला नाही. दोन वाक्यं शेजारी शेजारी आहेत. भिंतीला भोसकायचं नाही आणि भिंतीजवळ लोखंड वाजवायचं नाही.

इंजिनिअर : दुसऱ्यालाही कारण आहे. प्रीकास्ट म्हणतो आम्ही. घडाई खाणीवर केली की वाहतुकीचं वजन वाचतं, साइटवर गर्दी होत नाही.

बाई : मग वेदीचं सांग. तोरात स्पष्ट म्हटलंय, दगडांची वेदी केलीस तर घडवलेल्या दगडांची करू नकोस, हत्यार लावलंस तर ती विटाळली. इथं वाहतुकीचं वजन वाचत नाही, की काम सोपं होत नाही. ओबडधोबड दगड रचणं कठीणच. इसवी सन २०० च्या सुमारास मिश्ना, म्हणजे ज्यू परंपरेतल्या नियमांची संहिता, संकलित झाली, तिनं कारण दिलंय. लोखंड माणसाचं आयुष्य तोडण्यासाठी निर्माण झालं, वेदी ते वाढवण्यासाठी. मग एकानं दुसऱ्यावर उगारलं जाणं योग्य नाही.

इंजिनिअर : ते मिश्नाचं कारण. मूळच्याचं कारण काय, कोण सांगणार?

बाई : कारण मूळचं नसेल. पण नियम मूळचा आहे, आणि तो पाळलेला सापडलाय. तुझ्या डोळ्यांना लागतो तसा, जमिनीत.

हे अराद. नेगेवच्या वाळवंटातला यहुदाच्या राज्याचा किल्ला. १९६० च्या दशकात योहानान अहारोनी यांनी तो खणला, तेव्हा आत छोटं देऊळ निघालं. अंगणात वेदी, माती आणि न घडवलेल्या दगडांची. मागं आडवं दालन आणि त्याच्या पश्चिम भिंतीत कोनाड्याएवढा गाभारा, पायऱ्या चढून जायचा. आत मूर्ती नाही, उभा दगड आहे. इस्राएली देवळाचा प्रत्यक्ष पुरावा इतका नीट दुसरीकडे क्वचितच मिळतो. आणि वेदीवर छिन्नीची खूण नाही, ही गोष्ट कुणाच्या भाष्यावर अवलंबून नाही. इंजिनिअर इथं गप्प बसला. पुढच्या मुद्द्यावर त्यानंच जोर धरला.

इंजिनिअर : बरं, दारं घ्या. तुम्हाला आवडेल असं काहीतरी मीच देतो. गाभाऱ्याच्या चौकटीबद्दल 'पाचवा भाग' आणि दालनाच्या चौकटीबद्दल 'चौथा' असा एक अडखळता शब्दप्रयोग आहे. मोजमाप धरलं तर नीट लागत नाही. इस्राएलमधल्या खिर्बेत कयाफाच्या उत्खननात योसेफ गार्फिंकेल यांना एक दगडी देव्हारा सापडला, इसवी सनपूर्व दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा, पस्तीस सेंटिमीटर उंच. त्याच्या दाराला एकात एक बसवलेल्या तीन चौकटी आहेत. त्यावरून ते म्हणतात, पाच आणि चार हे चौकटींचे थर असावेत. म्हणजे दालनाच्या दाराला चार शाखा, गाभाऱ्याच्या दाराला पाच.

बाई : अंबरनाथसारख्या?

इंजिनिअर : तेच म्हणणार होतो. लहानपणापासून बघतोय ते देऊळ. शके ९८२, इसवी सन १०६०, शिलाहार मम्वाणी राजा. गाभाऱ्याच्या दाराला एकात एक द्वारशाखा. मेसोपोटेमियातही देवळांच्या दारांना असे थर आहेत. आता अंबरनाथच्या पाथरवटाला शलमोन ठाऊक नव्हता आणि शलमोनाच्या मिस्त्रीला शिव. तरी दोघांनी दार सारखंच खोल केलं. याचं कारण धर्मात नाही, डोळ्यात आहे. सपाट चौकटीला सावली पडत नाही. थर दिले की प्रत्येक कडेला सावलीची रेघ उमटते, दार आहे त्यापेक्षा खोल दिसतं.

बाई : आणि आत जाणाऱ्याचं पाऊल अडखळतं.

इंजिनिअर : अडखळतं.

बाई : तेवढाच अर्थ मला पुरे आहे. मी कुठं म्हणते की पाच म्हणजे तोराची पाच पुस्तकं? म्हणणारे म्हणतील. मी म्हणते, बांधणाऱ्याला तुला थांबवायचं होतं, आणि बाहेरच्या दारापेक्षा आतल्या दाराशी एक पायरी जास्त थांबवायचं होतं.

इंजिनिअर : मग अंबरनाथशी फरक काय राहिला?

बाई : तिथं गाभाऱ्यात उतरायचं. वीसेक पायऱ्या खाली, जमिनीच्या पोटात. जेरुसलेमला चढायचं. शलमोनाचं मंदिर गेल्यावर बांधलेल्या दुसऱ्या मंदिरात स्त्रियांच्या अंगणातून आतल्या अंगणात जायला पंधरा पायऱ्या होत्या, लेवी वंशातले गायक त्यांच्यावर उभे राहून गात. आणि अंबरनाथला खाली उतरल्यावर शिव भेटतो. जेरुसलेमला आत काही नव्हतं.

या 'काही नव्हतं'वर दोघं खरे भिडले. इसवी सनपूर्व ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पे जेरुसलेम जिंकून थेट गाभाऱ्यात शिरला. आत देवाची मूर्ती नव्हती, जागा रिकामी होती, असं टॅसिटस लिहितो. बाईंना ही गोष्ट वर्गात सांगायला फार आवडायची. आम्हा दोघांनाही ती तिथूनच ठाऊक.

इंजिनिअर : पण बाई, वर्गात तुम्ही एक सांगितलं नाही. गाभारा रिकामा होता तो तत्त्वासाठी नव्हे. पहिल्या मंदिरात तिथं कराराचा कोश होता. इसवी सनपूर्व ५८६ मध्ये बाबिलोनी सैन्यानं मंदिर जाळलं, त्यानंतर कोशाचा पत्ता नाही. दुसरं मंदिर बांधलं तेव्हा आत ठेवायला काही उरलंच नव्हतं. हरवलेल्या वस्तूची जागा ती. तिला तुम्ही सिद्धान्त बनवलात.

बाई : कोश हरवला, खरं. आता तू इंजिनिअर म्हणून सांग, त्याचं माप हरवलं होतं का?

इंजिनिअर : नाही. अडीच हात लांब, दीड रुंद, दीड उंच. बाभळीचं लाकूड, आतून-बाहेरून सोनं, चार कड्या, दोन दांडे, वर झाकण. सगळं लिहिलेलं आहे.

बाई : सुतार होते?

इंजिनिअर : होते.

बाई : सोनं? हेरोद राजानं तर पुढं सगळं मंदिर नव्यानं उभारलं, डोंगराला भराव घालून केवढं मोठं पटांगण केलं. त्याच्याकडे एका पेटीपुरतं सोनं नव्हतं? दीपवृक्ष पुन्हा केला, भाकरींचं मेज केलं, धूपवेदी केली, पडदा नवा विणला. माप होतं, माल होता, माणसं होती. कोश केला नाही. पाचशे वर्षं केला नाही. हे हरवणं नाही, बाळा. हा निर्णय आहे.

इंजिनिअर : निघालं नाही ते टेंडर पुरावा म्हणून कसं धरू? कदाचित आतल्या दहा आज्ञांच्या पाट्यांशिवाय पेटीला अर्थ नाही, म्हणून केली नसेल.

बाई : अगदी तसंच असेल. मग त्यांनी नक्कल ठेवण्यापेक्षा रिकामी जागा पत्करली, एवढं तरी कबूल कर.

त्यानं कबूल केलं नाही. मी करतो. बाईंचा हा युक्तिवाद मला गेली कित्येक वर्षं सुटलेला नाही. प्राचीन इस्राएली वास्तूत खांब, डाळिंबं, बैल, पंख सगळं शेजाऱ्यांसारखं आहे, आणि त्यातल्या प्रत्येकाचा अर्थ लावत बसलं की माणूस जोसीफससारखा ग्रहांपर्यंत पोहोचतो. पण काही ठिकाणी करता येत असूनही हात आवरलेला दिसतो. भिंतीत तुळई खोचता आली असती, खोचली नाही. वेदीचे दगड तासता आले असते, तासले नाहीत. कोश करता आला असता, केला नाही. गरज आणि सवय या दोन शब्दांत हे तीन तपशील बसवायला गेलं की काहीतरी बाहेर उरतं. बांधणाऱ्याच्या मनाचा माग मला तिथं लागतो.

आजच्या सिनेगॉगपर्यंत हे धागे येतात, पण सगळे सारखे येत नाहीत. कोकणातल्या सिनेगॉगांत हेखाल, म्हणजे तोराच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, पश्चिमेच्या भिंतीला असतं, कारण इथून जेरुसलेम त्या बाजूला. लंडन-पॅरिसला तेच कपाट पूर्वेला. समोर अखंड दिवा. मधोमध तेवा, जिथं उभं राहून वाचतात. एलियाहू हनाबीची खुर्ची, बाळाच्या सुंतेच्या वेळची. आणि वर बायकांची माडी. इंजिनिअरनं नेमकी तीच पकडली.

इंजिनिअर : तपशिलाला अर्थ असतो ना? मग माडीचा अर्थ सांगा.

बाई : सांगते. शलमोनाच्या मंदिराच्या वर्णनात माडी नाही. दुसऱ्या मंदिरात स्त्रियांचं अंगण होतं, एकशे पस्तीस हात लांब आणि तेवढंच रुंद, पण तिथं पुरुषही येत. सुक्कोथच्या सणात पाणी काढायच्या सोहळ्याला रात्रभर दिवे लावून नाच-गाणं चाले, गर्दी उसळे. तेव्हा त्या अंगणाला भोवती सज्जा बांधला. बायका वर, पुरुष खाली. मिश्नात हे नोंदलेलं आहे.

इंजिनिअर : म्हणजे गर्दीचं नियोजन. सणापुरतं.

बाई : सुरुवात तशी. पुढं मंदिर गेलं, सण बदलला, गर्दी गेली, माडी राहिली.

इंजिनिअर : मग मी म्हणतो तेच झालं! गरज आधी, अर्थ मागाहून.

बाई : हो, इथं तुझं खरं. आणि मागाहून आलेला अर्थ मला माहीत आहे, कारण मी त्यात बसलेय. आई मला माडीवर घेऊन बसायची. सेफेर तोरा बाहेर काढला की खालचे पुरुष पुढं होत, आम्ही वरून हात पुढं करून बोटं ओठांना लावायचो. वरून सगळं दिसतं, खालच्या कुणापेक्षाही जास्त. पण हात पोहोचत नाही. हा अर्थ आहे. अर्थ आहे म्हणून मला तो पटलाच पाहिजे, असं थोडंच आहे? दुसऱ्या मंदिराच्या अंगणात कमरेएवढा कठडा होता, त्यावर ग्रीक भाषेत दगडी पाट्या. परक्यानं याच्या पुढं येऊ नये, आला तर मरणाला तो स्वतः जबाबदार. १८७१ मध्ये अशी एक अख्खी पाटी क्लेर्मों-गानो यांना सापडली, इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. तिच्या अर्थावर कुणाचाही वाद नाही. तोही मला पटत नाही. पण वास्तू वाचायची तर तिनं कुणाला कुठं अडवलं हे सगळं वाचावं लागतं. गाभाऱ्याच्या पाच शाखांपाशी भारावून जायचं आणि माडीपाशी डोळे मिटायचे, हे मला जमणार नाही.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग इंजिनिअरनं अराद पुन्हा काढलं. त्याला तिथली रसायनं आवडतात. गाभाऱ्यासमोर चुनखडीच्या दोन धूपवेद्या सापडल्या, मोठी बावन्न सेंटिमीटर उंच, लहान चाळीस. त्यांच्या माथ्यावरच्या काळ्या थराची तपासणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. मोठीवर ऊद आणि प्राण्यांची चरबी, लहानीवर गांजा आणि शेण, मंद जळावं म्हणून.

इंजिनिअर : बायबलमध्ये धुपाची कृती आहे, त्यात गांजा नाही. दोन वेद्या का, याचंही उत्तर नाही. पण थर खरवडला आणि वापर कळला. माझा भरवसा यावर. आकारावरून अर्थ काढू नका, काजळीवरून काढा.

बाई : मी कधी नको म्हटलं? गांजा निघाला तर निघाला. पण त्या वेद्या कशा सापडल्या, ते का सांगत नाहीस?

इंजिनिअर : आडव्या. पायऱ्यांवर कुशीवर ठेवलेल्या, वर माती भरून झाकलेल्या.

बाई : पडलेल्या?

इंजिनिअर : नाही. पडलेला दगड असा पडत नाही. कडा शाबूत आहेत. ठेवल्यात.

बाई : त्यात काय स्ट्रक्चरल कारण?

इंजिनिअर : काही नाही. देऊळ बंद करायचं तर फोडून भरावात टाकणं सोपं होतं. काही म्हणतात हिज्कीयानं गावोगावची देवळं बंद केली तेव्हाचं हे. काही म्हणतात असिरियाची फौज येतेय म्हणून झाकून ठेवलं. पहिलं खरं असेल तर परत उघडायचं नव्हतं, दुसरं असेल तर उघडायचं होतं. दोन्ही टोकं उलटी. दगडावरून ठरत नाही.

बाई : फाटलेला सेफेर तोरा आम्ही जाळत नाही, फेकत नाही. कब्रस्तानात पुरतो. परत काढायचा नसतो, तरी पुरतो.

इंजिनिअर : त्यावरून अरादचं सिद्ध होत नाही, बाई. मधे केवढा काळ गेलाय.

बाई : नाहीच होत. पण फोडल्या नाहीत ना?

इंजिनिअर : नाही. फोडल्या नाहीत, एवढं नक्की.